जिनिंगच्या काट्यावरचा फॉक्सप्रो बदलताना: ऑगस्ट ते जानेवारीच्या नोंदी

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर डॉसच्या जमान्यातला प्रोग्राम चालत होता, तो बदलायचं काम माझ्याकडे आलं. असली शेकडो डबडी खान्देशात अजून चालू आहेत: दालमिलमध्ये, केळीच्या वखारीत, पतपेढीत. कुणाला हेच काम अंगावर घ्यायचं असेल तर या नोंदी कामाला येतील.

१२ ऑगस्ट २०२४

आधी काय आहे ते पाहिलं. काट्याच्या खोलीत विंडोज एक्सपीवालं मशीन, त्यात फॉक्सप्रो २.६ (डेटाबेसचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये लिहिलेला प्रोग्राम, डेटा २००३ पासूनचा. मूळ प्रोग्रामर गाव सोडून गेलेला, सोर्सच्या फाईली अर्ध्याच सापडल्या. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये रामराम ठोकला, फॉक्सप्रोच्या शेवटच्या अवताराला, व्हिज्युअल फॉक्सप्रोला, जानेवारी २०१५ मध्ये. जिनिंगला त्याचं सोयरसुतक नाही. शेठचं म्हणणं एवढंच: "हे मशीन ऐन सीझनात बसलं तर गाड्यांची लाईन रोडपर्यंत जाईल."

काम दिसायला सोपं. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. ग्रेडर प्रत आणि ओलावा पाहून भाव सांगतो. कापूस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं. निव्वळ वजन गुणिले भाव, वजा हमाली-तोलाई, वजा उचल. पावती आणि हिशेबपट्टी हातात.

नव्यासाठी पायथन, एसक्यूलाइट (एकाच फाईलीत मावणारा डेटाबेस) आणि ब्राउझरमधली स्क्रीन ठरवली. सगळं काट्याच्या खोलीतच, क्लाउड नाही. सीझनात इथलं नेट गेलं की दुपारपर्यंत येत नाही.

१६ ऑगस्ट

डीबीएफ फाईली (फॉक्सप्रो डेटा ठेवतो त्या) वाचायला सुरुवात. फॉरमॅट साधा आहे: वर हेडर, खाली ठरावीक लांबीच्या ओळी. तयार लायब्ररी न घेता स्वतःच वाचायचा कोड लिहिला, पन्नासेक ओळींत झाला. मग पावत्यांची संख्या मुनीमजींच्या रजिस्टरशी ताडली, तर माझ्याकडे जास्त.

कारण असं की फॉक्सप्रोत रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते फाईलीतून जात नाही. ओळीच्या पहिल्या बाइटमध्ये चांदणीचं चिन्ह (*) लागतं, बाकी ओळ तशीच राहते. 'पॅक' कमांड दिली तरच ती खरोखर जाते, आणि इथे वीस वर्षांत कुणी पॅक केलेलंच नाही. तयार लायब्ररीने त्या ओळी गुपचूप गाळल्या असत्या आणि संख्या पहिल्या फटक्यात जुळली असती.

त्या फेकायच्या म्हणून मी निघालोच होतो. आप्पांनी (मुनीमजींना सगळे आप्पाच म्हणतात) हात धरला. "त्या रद्द पावत्या आहेत. ऑडिटवाला नंबर तुटलेला दिसला की विचारतो." म्हणजे डिलीट हे इथे रद्दचं बटण होतं. नव्यात प्रत्येक पावतीला स्थितीचा रकाना दिला: चालू, पूर्ण, रद्द. डिलीट कुठेच ठेवलं नाही.

२३ ऑगस्ट

या नोंदीवर जरा रेंगाळतो, कारण या कामातली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच.

डेटा नव्यात ओतल्यावर सर्वात जुनी उचल निघाली १९०३ सालची. आणि अलीकडची? १९२४. वजनाच्या नोंदी मात्र ठीक, २००३ ते २०२४. एकाच प्रोग्राममध्ये दोन शतकं.

फॉक्सप्रोच्या त्या आवृत्तीत 'सेट सेंच्युरी' बंद असेल तर वर्षाचे दोनच आकडे दिसतात, आणि हाताने '२४' टाइप केलं तर ते १९२४ धरलं जातं. वजनाची तारीख प्रोग्राम मशीनच्या घड्याळातून घेतो, ती बरोबर पडते. उचलीची तारीख आप्पा हाताने टाकतात, ती शंभर वर्षं मागे जाऊन पडते. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून वीस वर्षांत कुणाला पत्ता नाही.

मग रोजचा रिपोर्ट कसा काय बरोबर येत होता? मूळ लिहिणाऱ्याने तारखा तारीख म्हणून ताडलेल्याच नाहीत. दोन्हींचं आधी अक्षरांत रूपांतर करून, '०५/११/२३' बरोबर '०५/११/२३' असं पाहिलंय. एका दिवसाचा रिपोर्ट त्यामुळे चोख निघतो. पण 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' मागितलं की कोरा कागद. आप्पा महिन्याची बेरीज तीस रिपोर्ट काढून कॅल्क्युलेटरवर का मारतात, हे मला पहिल्या दिवसापासून कोडं होतं. मला वाटलं होतं, जुन्या माणसाचा कॅल्क्युलेटरवर जास्त भरवसा. तसं नव्हतं. त्यांनी एकदा महिन्याचा रिपोर्ट मागून पाहिला होता, आला नाही, विषय संपला.

उपाय सोपा होता: १९५० च्या आधीच्या सगळ्या तारखांत शंभर वर्षं मिळवली. पण त्याने एक नवीनच भानगड उभी राहिली. शेतकऱ्याच्या खात्याच्या उताऱ्यात आजवर सगळ्या उचली वर यायच्या आणि माल खाली, कारण उचली १९२४ च्या आणि माल २०२४ चा. तारखा सुधारल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळले. आप्पा उतारा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. "उचल वर पाहिजे. शेतकरी आधी तेच पाहतो. किती घेतले, मग किती फिटले."

बगमुळे तयार झालेला क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला. तो मी नव्या प्रोग्राममध्ये मुद्दाम लिहिला: आधी प्रकार, मग तारीख. कोडच्या वर कारणही लिहून ठेवलं, नाहीतर पुढचा कुणीतरी हुशार येऊन ते 'दुरुस्त' करेल.

२ सप्टेंबर

पोळा. जिनिंग बंद. घरी बसून शेतकऱ्यांच्या नावांची यादी साफ केली. नावं सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये, स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं. अमळनेर पाच प्रकारे, एरंडोल चार प्रकारे. गावं हाताने जुळवली, एका बैठकीत झाली.

माणसं जुळवणं तितकं सोपं नाही. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन पाटील निघतात आणि दोघंही कापूस घालतात. नावावरून आपोआप एकत्र करणारा कोड लिहिला होता, तो काढून टाकला. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर कापली गेली तर काट्यावर जे होईल ते कोणतंही सॉफ्टवेअर निस्तरू शकत नाही. आता ओळख मोबाईल नंबर आणि बँक खात्याच्या शेवटच्या चार आकड्यांवर. संशयास्पद जोड्या यादीत ठेवल्या, सीझनात माणूस समोर आला की आप्पा ठरवतील. मराठी नावही तेव्हाच विचारून टाकायचं, मशीनकडून लिप्यंतर करायचं नाही.

११ सप्टेंबर

काट्याच्या इंडिकेटरला (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीला) लॅपटॉप जोडला. वजन १२,४५० किलो, आणि माझ्या स्क्रीनवर: ±²´५०.

केबल बदलली, यूएसबीचा कन्व्हर्टर बदलला, अर्थिंग तपासलं. दिवस गेला. संध्याकाळी कागदावर मांडत बसलो तेव्हा दिसलं की कचरा अंदाधुंद नाही. ०, ३, ५, ६, ९ नेहमी बरोबर येतात. १, २, ४, ७, ८ नेहमी बिघडतात, आणि प्रत्येक आकडा दर वेळी त्याच चिन्हात बिघडतो.

आकड्यांचे सात बिट लिहून काढा. ०, ३, ५, ६, ९ यांच्यात एकांची संख्या सम आहे, उरलेल्यांत विषम. इंडिकेटर सात बिट आणि आठवा 'इव्हन पॅरिटी'चा पाठवत होता, म्हणजे एकांची संख्या विषम असली की आठवा बिट एक. मी पोर्ट उघडला होता आठ बिट, पॅरिटी नाही. पॅरिटीचा बिट माझ्याकडे अक्षराचाच भाग होऊन येत होता. सेटिंग सात बिट, इव्हन, एक स्टॉप केली आणि १२,४५० स्वच्छ आला.

हे सगळं जुन्या मशीनच्या बॅच फाईलीत एका ओळीत लिहिलेलं होतं: मोड कॉम१:२४००,ई,७,१. सोर्स हरवला असला तरी बॅच फाईली सहसा जागेवर असतात. पोर्टला हात लावण्याआधी त्या उघडा.

स्वस्तातला कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देत होतं. नव्या मशीनवर लिनक्स टाकलंय, तिथे पोर्ट उपकरणाच्या ओळखीवरून उघडतो, खाच कुठली का असेना. त्यासाठी सिरीयल नंबर असलेली एफटीडीआय चिपची केबल घ्यावी लागली.

२७ सप्टेंबर

जिनिंगच्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर चाचणी. मध्येच एकदा १२,४५० च्या जागी २,४५० आला. सिरीयल पोर्ट ओळ म्हणून काही देत नाही, येतील तसे बाइट देतो, आणि मी वाचायला सुरुवात केली ती नेमकी आकड्याच्या मधून. आता सुरुवातीचं चिन्ह दिसल्याशिवाय काहीच धरत नाही, आणि शेवटचं चिन्ह येईपर्यंतचा तुकडा ठरलेल्या लांबीचा नसेल तर फेकून देतो.

गाडी काट्यावर चढल्यावर आकडा काही वेळ नाचतो. सलग काही वाचनं सारखी आली तरच 'वजन घ्या' बटण हिरवं होतं. काट्यावरच्या दादाला हे फार धिमं वाटलं, त्याच्या नजरेला आकडा थांबलेला आधीच कळतो. दोन सेकंदांवर तडजोड झाली.

१२ ऑक्टोबर

दसरा. मुहूर्ताची खरेदी झाली. पहिली गाडी हार घातलेली, पेढे वाटले, पावती जुन्या प्रोग्राममधूनच. शेठना ती नव्यातून हवी होती, मी नको म्हटलं. दोन्ही शेजारी चालू द्यायचे, आकडे रोज ताडायचे, फरक शून्यावर आला की मगच जुना बंद करायचा.

पद्धत अशी: रात्री फॉक्सप्रो बंद झालं की डीबीएफची नक्कल घ्यायची (चालू असताना तो फाईल कुलूपबंद ठेवतो). त्या दिवसाची वजनं आणि भाव नव्या प्रोग्राममधून पुन्हा मोजायचे आणि फरक पडलेल्या पावत्यांची यादी काढायची. या कामात मी लिहिलेला सगळ्यात उपयोगी कोड हाच, आणि तो कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

१८ ऑक्टोबर

यादीत रोज काही पावत्या, प्रत्येकीत फरक एक रुपयाचा. नमुना: १,२३५ किलो, भाव ७,१५० रुपये क्विंटल. रक्कम ८८,३०२ रुपये ५० पैसे. जुना प्रोग्राम म्हणतो ८८,३०३, माझा म्हणतो ८८,३०२.

पायथनचं 'राउंड' अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं. संख्याशास्त्रात ते चालतं, काट्यावर चालत नाही. फॉक्सप्रो अर्धा वर नेतं, जसं आपण शाळेत शिकलो. एरवी हे क्वचित दिसलं असतं, पण इथला काटा पाच किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो आणि भाव पन्नासच्या टप्प्याने फुटतो. वजन पाचाच्या विषम पटीत आणि भाव पन्नासच्या विषम पटीत आला की रकमेत बरोबर पन्नास पैसे उरतातच. म्हणजे ढोबळमानाने चारातल्या एका पावतीत अर्धा रुपया, आणि त्यातल्या निम्म्यांत शेतकऱ्याचा रुपया कमी.

सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. दशांशाचा फ्लोट पैशाच्या जवळपास कुठेच राहू दिला नाही, आणि पूर्णांक रुपया करणारं एकच फंक्शन ठेवलं, अर्धा वर नेणारं. पट्टीत गोलाई कधी करायची हाही प्रश्न होताच. जुन्यात मालाची रक्कम आधी गोल होते, मग हमाली-तोलाई वजा होते. मी सगळं शेवटी एकदाच गोल करत होतो. गणित म्हणून माझं जास्त शुद्ध. पण शेतकरी पट्टीवरची प्रत्येक ओळ वहीत उतरवतो आणि बोटांवर बेरीज करतो, ती त्याच्या बेरजेशी जुळली पाहिजे. जुन्या पद्धतीवर आलो.

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि आवक फुटली. लांब धाग्याचा हमीभाव यंदा ७,५२१, पण ओला कापूस घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर थांबायला सगळ्यांना सवड नाही, म्हणून इकडे गर्दी.

आज नवी स्क्रीन खऱ्या गर्दीत पहिल्यांदा वापरली, आणि तासाभरात बंद करून जुन्यावर गेलो. आकडे सगळे बरोबर होते, वेग मात्र नव्हता. जुन्यात दादा माऊसला हात न लावता पावती काढतो: नंबर, एंटर, गाव, एंटर, नाव, एंटर. माझ्याकडे गावाची लांबलचक उघडणारी यादी, तारखेचं कॅलेंडर, 'जतन करा'चं गोल कोपऱ्यांचं बटण. मागे पिकअपवाला हॉर्न वाजवतोय, खिडकीतून एक काका डोकावले, स्क्रीन पाहिली. "हाई काय से भो? पहिलं बरं व्हतं."

रात्री स्क्रीन पुन्हा लिहिली. एंटरने पुढचा रकाना. गावाची पहिली दोन अक्षरं टाकली की नेहमीची गावं वर. कॅलेंडर काढलं, आजची तारीख आपोआप. रकान्यांचा क्रम जुन्या स्क्रीनसारखाच, जागाही तीच. दिसायला १९९५ चं दिसतं. दादाने दुसऱ्या दिवशी न शिकवता चालवलं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, जिनिंगला सुट्टी. प्रिंटरचं काम काढलं.

शेठच्या डोक्यात थर्मल प्रिंटर होता. पावती शेतकऱ्याकडे पैसे मिळेपर्यंत राहते, पत्र्याच्या घरात, नाहीतर गाडीच्या काचेजवळ. थर्मलचा कागद उन्हात काळवंडतो आणि अक्षरं उडतात. शिवाय तीन प्रती लागतात: शेतकरी, गेट, ऑफिस. कार्बनची प्रत ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्सच काढतो. तोच ठेवला.

अडचण मराठीची. या प्रिंटरला स्वतःची देवनागरी नाही, पावतीचं पूर्ण चित्र करून पाठवलं तर ती रखडत बाहेर येते. म्हणून फक्त नाव आणि गाव चित्र म्हणून जातं, बाकी आकडे टेक्स्ट मोडमध्ये. कागदावरचा ठरावीक मजकूर छापखान्यातून आधीच मराठीत छापून आणला. वेग जवळपास जुन्याएवढा आला.

२ डिसेंबर

लाईट गेली, यूपीएसने पण मान टाकली (बॅटरी संपलेली होती, कुणी पाहिलीच नव्हती). लाईट आल्यावर पुढच्या गाडीची पावती निघाली ती आधीच्याच नंबरची. आधीच्या गाडीची पावती छापून शेतकऱ्याच्या हातात, आणि डेटाबेसमध्ये तिचा मागमूस नाही.

एसक्यूलाइट मी डब्ल्यूएएल मोडमध्ये (नवी नोंद आधी शेजारच्या फाईलीत, मग मुख्य फाईलीत) चालवत होतो, 'सिंक्रोनस' सेटिंग 'नॉर्मल' ठेवून. त्यात वीज गेली तरी फाईल खराब होत नाही, पण शेवटचे व्यवहार डिस्कवर पोचलेले असतीलच असं नाही. सेटिंग 'फुल' केलं. दिवसाला काही शे पावत्यांना त्याने काहीच फरक पडत नाही. छपाईचा आदेशही आता नोंद पक्की झाल्यानंतरच जातो. मग यूपीएस काढून ठेवला आणि पावती निघताना मुद्दाम प्लग ओढून पाहिला, पुन्हा पुन्हा. ही चाचणी ऑगस्टमध्येच घेण्यासारखी आहे.

बॅकअपचंही याच ओघात. डब्ल्यूएएल चालू असताना नुसती मुख्य फाईल कॉपी केली तर ताज्या नोंदी शेजारच्या फाईलीत राहून जातात. रात्रीचा बॅकअप एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप कमांडने घेतो, आणि आप्पा पेनड्राइव्ह घरी नेतात.

१९ डिसेंबर

पावत्यांचे फरक संपले. उरला रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) साठा. जुन्याचा दिवसाचा रिपोर्ट आणि महिन्याची गोषवारा पट्टी एकमेकांशीच जुळेनात, माझ्याशी कुठून जुळणार? एका ठिकाणी खंडी ३५६ किलोची, दुसरीकडे ३५५.६२ ची. खंडी मुळात ७८४ पौंडांची, त्याचे किलो होतात ३५५.६२, बाजारात सगळे ३५६ धरतात. शंभर खंडीला ३८ किलोचा फरक. शेठना विचारलं तर म्हणाले, "सौदा ३५६ नेच होतो." दोन्हीकडे ३५६ केलं. हा जुन्यातला एकमेव आकडा जो मी जाणूनबुजून बदलला, आणि कुठल्या तारखेपासून बदलला ते रिपोर्टच्या तळाशी छापलंय.

१० जानेवारी २०२५

फरकांची यादी सलग दोन आठवडे कोरी आली, तेव्हा जुनं मशीन काट्यावरून उचललं. अजून फेकलेलं नाही. त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा घेऊन ती आभासी मशीनमध्ये चालते का तेही पाहून ठेवलं, चालते. ऑडिटवाल्याने २०११ चं काही मागितलं तर तिथून काढू.

खर्चाचं: वापरलेला मिनी पीसी दहा-बारा हजार, नवा यूपीएस चारेक हजार, चांगली सिरीयल केबल हजाराच्या आसपास, छापील पावतीपुस्तकं वेगळी. माझ्या मजुरीचा अंदाज मी दिवाळीपर्यंतचा दिला होता. स्क्रीन पुन्हा लिहिणं आणि जवळपास तीन महिन्यांची ताडणी त्यात धरलीच नव्हती. पुढच्या वेळी ताडणीचे पैसे वेगळे लावणार, आणि आधी सांगूनच.

सरकीच्या विक्रीचं बिल अजून हाताने निघतं. त्याचा जुना प्रोग्राम वेगळा आहे, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला, ऑफिसातल्या मशीनवर. आप्पा म्हणाले की त्याचा महिन्याचा रिपोर्ट येतो, पण मार्चचा येत नाही. मार्चचाच का, ते पुढच्या आठवड्यात बघायला जातोय.